दीड जीबीचं ओलित

नांदगाव पेठेत काय नाही ते विचारा. अमरावतीहून नागपूरकडे निघालं की दहा-बारा किलोमीटरवर गाव लागतं. अंगावरून राष्ट्रीय महामार्ग जातो, त्यावर टोलनाका आहे. शेजारी एमआयडीसी आहे, तिच्यात कापडाचे कारखाने आहेत, १३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. पीएम मित्र योजनेतल्या ज्या वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याहून केलं, तेही इथलंच. मोबाईलवर चारच्या चार कांड्या दिसतात. फाइव्ह-जीचं चिन्हसुद्धा अधूनमधून दर्शन देऊन जातं. आणि अशा सर्वसंपन्न गावात दहावीतलं एखादं पोट्टं रात्री पावणेबाराला डोळे चोळत जागं असतं, कारण बारा वाजता त्याचा डेटा उगवतो.

ज्यांच्या घरी चोवीस तास वायफाय आहे त्यांना यातलं काही कळणार नाही. त्यांच्याकडे अपडेट म्हणजे चहा होईपर्यंत आपोआप उरकणारं काम. इकडे रिचार्ज मारला की रोज दीड जीबी मिळतो. तो संपला की नेट बंद पडत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. बंद पडलं असतं तर माणूस झोपला तरी असता. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला आठ केबी. या वेगानं एक जीबी उतरायला साधारण ३५ तास लागतात. आता आमच्याच भागातली दुसरी एक नोंद पाहा. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात गेला. तेवढ्या तासांत ६४ केबीपीएसनं तीन जीबी उतरले असते. म्हणजे खेळातल्या नकाशावरचे रस्ते मोबाईलमध्ये येईस्तोवर वऱ्हाडात खरा रस्ता तयार होतो.

बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया, म्हणजे पोट्ट्यांच्या भाषेत बीजीएमआय, साधारण दोन महिन्यांनी नवं रूप घेतो. प्ले स्टोअरवर अपडेटचा जो आकडा दिसतो तो नुसता साखरपुड्याचा खर्च. खरं लग्न आत गेल्यावर. तिथं नकाशे वेगळे, आवाज वेगळे, पोशाख वेगळे, आणि प्रत्येकासमोर डाउनलोडचा बाण. करायचं नाही म्हटलं तर गडी एकटा पडतो, कारण जुन्या आवृत्तीवाल्याला नव्या आवृत्तीवाल्यांत घेत नाहीत. लॉबीत मित्र बोलावतात आणि याच्या पडद्यावर 'कृपया अपडेट करा' एवढंच येतं. त्यात पुन्हा लवकर अपडेट करणाऱ्याला खेळात छोटंसं बक्षीस असतं. ज्याच्याकडे फायबर त्यालाच बक्षीस, हा न्याय खेळातही सुटलेला नाही.

मोबाईलचं हे असं, तर संगणकाचं काय सांगावं! २०१९च्या 'कॉल ऑफ ड्युटी: मॉडर्न वॉरफेअर'नं 'वॉरझोन' धरून संगणकावर २०० जीबीच्या पुढे मजल मारली होती. रोजचे दीड जीबी दुसऱ्या कशाला हात न लावता त्यालाच वाहिले तरी १३३ दिवस लागतात. सोयाबीन १०० दिवसांच्या आसपास निघतं. पेरणीच्या दिवशी डाउनलोड लावलं तर सोयाबीन कापून, काढून, विकून, पैसे संपले तरी युद्ध सुरू व्हायचं असतं.

एवढं असतं तरी काय त्यात? खेळातली चित्रं, आवाज, भाषा यांची मोठमोठी गाठोडी बांधून ठेवलेली असतात. एका बंदुकीचा रंग बदलला तरी कधीकधी गाठोडं अख्खं बदलावं लागतं. हुशार कंपन्या नुसता फरक पाठवतात. बाकीच्यांच्या कचेरीत नेट इतकं जोरात असतं की गाठोड्याचं वजन त्यांना जाणवतच नाही. शिवाय आलेली फाइल दाबून बांधलेली असते, ती उलगडायला मोबाईलमध्ये वेगळी जागा लागते. मग ९८ टक्क्यांवर निरोप येतो, 'जागा अपुरी आहे.' त्या वेळी जी जागा होते ती मामेबहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ उडवून होते.

रब्बीत हा प्रकार जवळून पाहावा. शेतीपंपाची थ्री फेज लाईन काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी बारीबारीनं मिळते. रात्रीची बारी असली की हरभऱ्याच्या ओलितासाठी बाप मफलर, काठी आणि बॅटरी घेऊन निघतो. त्याच वेळी पोरगा खिडकीच्या गजाला रबरानं मोबाईल बांधत असतो. गजालाच का, तर त्या खिडकीतून टॉवर सरळ दिसतो आणि हातभर आत आलं की चारातल्या दोन कांड्या गळतात. चार्जरची वायर तिथवर पुरत नाही म्हणून खाली पिपावर पॉवर बँक. उजेड पार कमी केलेला, व्हॉट्सअ‍ॅपचा डेटा बंद, बाकी सगळ्या अ‍ॅपच्या मुसक्या बांधलेल्या.

"झोपला नाई का बे अजून?"

"बारा वाजू द्या ना बाबा. नवीन डाटा येते."

"अन् मंग?"

"मंग अपडेट लावतो."

"मी हरभऱ्याले पानी लावतो, तू मोबाईलले अपडेट लाव. पुस्तकाले कोन लावन?"

पोरगा उत्तर देत नाही, कारण तोवर बारा वाजलेले असतात.

मात्र बाराला अपडेट लावणारा अजून कच्चा. बाराच्या ठोक्याला सगळं गाव एकाच टॉवरवर तुटून पडतं आणि पडद्यावरचा आकडा हलेनासा होतो. 'आणखी १२ मिनिटं' असं म्हणणारा फोन अर्ध्या तासानं 'आणखी ४७ मिनिटं' म्हणतो. कालव्याच्या टेलवर ज्याचं वावर आहे त्याला हे सांगायला नको. तोंडाकडचे सगळे भिजवून घेतात आणि आपल्यापर्यंत ओल तेवढी येते. म्हणून जाणकार पोट्टे पहाटे तीनचा गजर लावतात. तेव्हा टॉवर रिकामा असतो, नेट असं धावतं की आपण पुण्यातच आहो असं वाटावं. चारपर्यंत अपडेट आटोपतं. सातला शाळेची तयारी असते आणि आठव्या मिनिटाला वर्गात पेंग येते. गुरुजींना वाटतं पोरगं रात्रभर अभ्यास करतं.

या जागरणात एक बदल झाला आहे तो सांगायला हवा. सौर कृषी वाहिनी योजनेमुळं बऱ्याच वावरांत दिवसा लाईन येऊ लागली, कुठं सौर पंप बसले. तिथला बाप आता रात्री घोरतो. जागलीची बारी तेवढी पोराकडे राहिली.

आणि लाईनचं म्हणाल तर ती घरातलीही जाते. नेमकी ९१ टक्क्यांवर जाते. फायबरवाल्याचा राउटर डोळा मिटतो. लाईन यायची फारच लांबली तर टॉवरच्या बॅटऱ्याही मान टाकतात. बाहेरगावचा कोणी विचारतोच, की १३५० मेगावॉट उशाशी असताना लाईन जाते कशी? तर ती वीज आधी ग्रीडात जाते आणि तिथून ज्याच्या त्याच्या वाट्याला येते. दिव्याखाली अंधार म्हणायलाही दिवा आपल्या मालकीचा लागतो.

घराघरातला डेटाचा कारभार तर एखाद्या सहकारी सोसायटीला लाजवील असा चालतो. घरात मोबाईल चार, म्हणजे रोजचे सहा जीबी. कागदावर घर श्रीमंत. पण आईचा डेटा संध्याकाळच्या मालिका पाहता पाहता नवाच्या आत संपतो. बहीण राज्यसेवेचा अभ्यास करते, तिचे व्हिडिओ दोन-दोन तासांचे. बाबांचा डेटा वावरातले फोटो कृषिकेंद्रवाल्याला पाठवण्यात आणि त्यानं सांगितलेलं औषध खरं की खोटं हे तपासण्यात जातो. उरतात आबाजी. आबाजी सकाळी सोयाबीनचा आणि कापसाचा भाव पाहतात, चार जणांना शुभ सकाळ पाठवतात आणि मोबाईल देव्हाऱ्याशेजारी ठेवून देतात. रात्री नऊ वाजता त्यांच्याकडे सव्वा जीबी शिल्लक असतो आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. नातवाला असतो. म्हणून नातू रोज नऊच्या सुमारास आबाजीचे पाय दाबतो. शेजारच्या म्हाताऱ्या हे पाहून आपापल्या नातवांना नावं ठेवतात.

"आबाजी, हॉटस्पॉट चालू करा ना."

"थे काय रायते बे?"

"तुमचा नेट मले येते."

"अन् माहे फोटो?"

"फोटो तुमच्यापाशीच रायते ना बाप्पा!"

"पैसे कटतीन."

"कटत नाई. बारा वाजले की हा डाटा तसाबी मरते."

वस्तू मरणारच आहे म्हटल्यावर म्हातारं माणूस लगेच उदार होतं. नऊ ते बारा हा त्यामुळं गावातला दानधर्माचा मुहूर्त. बहिणीकडून घेतलेला डेटा मात्र दान नसतो, उसना असतो. त्याचा हिशेब ती राज्यसेवेला बसायची असल्यामुळं चोख ठेवते. काल ४०० एमबी नेले त्याबद्दल आज दळण आणायचं, परवाच्या ६०० एमबीबद्दल स्कूटीत हवा भरून आणायची. या पोरीच्या हाती उद्या तालुका आला तर महसूल एक रुपया बुडणार नाही.

उन्हाळ्यात पुण्याचा भाचा येतो तेव्हा दोन संस्कृती समोरासमोर येतात. बॅगेत कपड्यांपेक्षा वायरी जास्त. आल्याबरोबर तो टीव्हीला खेळाचं यंत्र जोडतो. यंत्र सांगतं की अपडेट आहे, ४० जीबीचं.

"मामा, वायफायचा पासवर्ड काय आहे?"

"वायफाय नाई बाप्पा आपल्या इथं. पन आंबे हायेत."

भाच्याचं तोंड पडतं. ४० जीबी म्हणजे दीड जीबीनं २७ दिवस, आणि त्याची सुट्टी आहे पंधरा दिवसांची. मग इथला मामेभाऊ पुढे येतो. त्याच्याकडे असं यंत्र नाही, पण अपडेटला चुकवायच्या सगळ्या वाटा त्याला पाठ. "अबे, नेटच काढून टाक ना. अपडेट आलं हे त्याले समजलंच नाई पाहिजे." नेट काढल्यावर एकट्यानं खेळायचा फुटबॉल निमूट सुरू होतो. नेटशिवाय खेळ चालत नाही हे भाच्याचं पुण्यातलं ज्ञान, आणि नेट काढल्यावरच चालतो हे नांदगाव पेठेतलं. दोन दिवसांत हा मामेभाऊ त्याला बाकीचंही शिकवतो. प्ले स्टोअरमधलं आपोआप अपडेट बंद ठेवायचं. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो-व्हिडिओ आपण होऊन उतरू द्यायचे नाहीत. संगणकावर स्टीम हे खेळांचं दुकान असेल तर अपडेटची वेळ ठरवून द्यायची आणि वेगाला लगाम घालायचा, म्हणजे घरातल्या दुसऱ्याचा व्हिडिओ अडकत नाही आणि शिव्या बसत नाहीत. ही सगळी बटणं पुण्यातल्या यंत्रातही आहेत. तिथं ती कोणी उघडून पाहिलेली नसतात.

नेट कमी पडलं की माल माणसांच्या हाती पाठवायचा, ही रीत जुनी आहे. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा टेलिफोनच्या तारेतून ते असं ठिबकायचं की खेळ उतरवायचा विचार कोणी स्वप्नातही करत नसे. पुढं 'डिजिट'सारख्या मासिकासोबत सीडी यायची, तिच्यात खेळांचे नमुने आणि दुरुस्त्या असायच्या. ती एक सीडी मित्रमंडळींत फिरून इतकी ओरखडून निघे की शेवटच्याला नुसता घर्र आवाज ऐकायला मिळे. मग शेअरइट, झेंडर आले. एकानं अमरावतीत गेम उतरवायचा आणि गावात येऊन दहा जणांना वाटायचा, तोही डेटाचा एक थेंब न खर्चता. २९ जून २०२० रोजी केंद्रानं ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत हे दोन्ही गेले. टिकटॉक गेल्याचा गाजावाजा देशभर झाला. शेअरइटसाठी गावातल्या पारावर जे दोन मिनिटांचं मौन पाळलं गेलं त्याची बातमी कुठंच आली नाही.

आता ते काम अमरावतीच्या हॉस्टेलवर राहणारा पोरगा करतो. शनिवारी तो पंचवटी चौकातून ऑटोत बसतो तेव्हा त्याच्या बॅगेत धुवायचे कपडे आणि हार्ड डिस्क असते. गावात उतरल्यावर आईआधी त्याला पोट्टे भेटतात. स्टीमनं २०२३ मध्ये एक चांगलं केलं. एका संगणकात नवी आवृत्ती असेल तर शेजारचा संगणक ती घरातल्या घरात, इंटरनेट न वापरता घेऊ शकतो. हे करणाऱ्या इंजिनिअरला आपण वऱ्हाडावर केवढा उपकार केला याची कल्पना नसेल. त्याच्या नावानं इथं संत्र्याची पेटी बाजूला काढून ठेवायला हरकत नाही.

काही जण रेल्वेचा उपाय सांगतात. हजारो स्थानकांवर रेलटेलचं वायफाय आहे आणि रोजचा पहिला अर्धा तास फुकट असतो, वेग एक एमबीपीएस. हिशेब केला तर त्या अर्ध्या तासात २२५ एमबी उतरतात. नांदगाव पेठेहून बडनेऱ्याला जायचं-यायचं भाडं, दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट आणि तिथवर गेलो म्हणून खाल्लेली कचोरी धरली, तर ते फुकटचे २२५ एमबी साजूक तुपाच्या भावात पडतात.

खेळांमध्ये एक खेळ असा आहे की तो बापलेकांना एकत्र बसवतो. 'फार्मिंग सिम्युलेटर' त्याचं नाव. शेतीचा खेळ. ट्रॅक्टर चालवायचा, पेरायचं, काढायचं, विकायचं. २०१८ साली आलेल्या आवृत्तीत त्यात कापूसही आला. ही बातमी कळल्यावर एका शेजाऱ्यानं पोराच्या मागं खुर्ची ओढली. पडद्यावर घराएवढं यंत्र पऱ्हाटीत शिरलं आणि बघता बघता सगळा कापूस पोटात घेऊन बाहेर पडलं. वेचणीला बाई मिळत नाही म्हणून दिवाळीपासून हैराण झालेला तो माणूस थोडा वेळ बोललाच नाही. मग त्यानं विचारलं, "याच्यात बोंडअळी येते का?"

"नाई."

"भाव पडते का?"

"कमीजास्त होते, पन चांगला भेटते."

"अन् पीकविमा?"

"थो नाई याच्यात."

"मंग कायची शेती बे हे! उठ, बैलाले चारा टाक."

तरीही दुसऱ्या दिवशी त्यानं हळूच विचारलं, की ते यंत्र आपल्याकडे कधी येणार. पोरगा म्हणाला, पुढच्या अपडेटमध्ये.

कंपन्यांच्या अपडेटवर कधीकधी सरकारचं अपडेट येतं. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली, तेव्हा गावातल्या आयांनी सुस्कारा सोडला. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावानं परतला, २८ जुलै २०२२ला दुकानातून पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. दर वेळी आधी उतरवलेलं सगळं पाण्यात आणि नव्यानं सगळं उतरवायचं. शेवटच्या वेळी येताना अट होती, १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास. शहरात या अटीवर चर्चा झाली. आमच्या पोट्ट्यांना हसू आलं. इथं तीन तास सलग खेळायला मिळणं हीच मुळात अफवा होती. खरं तर प्रत्यक्ष खेळायला डेटा थोडाच लागतो. सगळा खर्च होतो तो खेळू देण्याच्या परवानगीवर.

आणि इथंच आमचं गाव जगाच्या पुढे आहे असं माझं मत. दूर कुठं कॅलिफोर्नियात किंवा कोरियात बसून कोणी 'अपडेटला काही मिनिटं लागतील' असं लिहितो, तेव्हा मिनिटं कोणाची हे त्यानं धरलेलंच नसतं. आमच्या लोकांनी जन्मभर बारीनं मिळणाऱ्या गोष्टी सांभाळल्या. कालव्याचं पाणी बारीनं, वावरातली लाईन बारीनं, आता डेटा बारीनं. कोणाकडे किती उरला, कोणाचा कधी मरणार, कोणाच्या पायाशी कधी बसायचं, हे ज्याला कळतं त्याचं ओलित होतं. बाकीचे तक्रारी करत बसतात.

गेम कंपन्यांकडे तरीही चार मागण्या आहेत. वजन आधी सांगा, पूर्ण सांगा. ज्याला नवा पोशाख नको त्याच्या माथी तो मारू नका. लाईन गेली तर जिथं थांबलं तिथून पुढं उतरू द्या, पुन्हा शून्यावर नेऊ नका. आणि जुन्या आवृत्तीवर निदान आठ दिवस खेळू द्या, तेवढ्यात आमची सोय आम्ही लावतो.

तुम्हालाही एक सांगणं आहे. सुट्टीत वऱ्हाडात येणार असाल तर पेढ्यांचा पुडा नसला तरी चालेल. निघायच्या आधी घरच्या वायफायवर सगळे अपडेट मारून घ्या, हार्ड डिस्क भरून घ्या, मोबाईलला मोठा रिचार्ज मारा आणि गावात शिरताना हॉटस्पॉट चालू ठेवा. पाहुणचारात काही कमी पडणार नाही.